शब्दचर्चा: मांडणशिल्प (आणि त्याच्या आसपासचे देखावा, कोळसा, शटर)

गेरू:
'इन्स्टॉलेशन'ला, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीला, 'मांडणशिल्प' हा शब्द आता रुळला आहे. पण बातम्यांत तो चौकातल्या सिमेंटच्या हातापासून भिंतीवरच्या चित्रापर्यंत कशालाही चिकटवलेला दिसतो. नेमका कुठे लावायचा? क्रियापद कोणतं, साकारले, उभारले की मांडले? दंगली, खाणी, बंद गिरण्या अशा झपाट्याने बदललेल्या समाजावरच्या कामांची उदाहरणं द्या. घोळ तिथेच जास्त होतो.

चुनखडी:
शब्दाचं पहिलं अर्ध चोख, दुसरं अडचणीचं.

आपण काय काय मांडतो? चूल, पाट, डाव, दुकान, संसार. सुट्या वस्तू एका क्रमाने ठेवल्या की ते उभं राहतं आणि वेळ आली की आवरताही येतं, मोडताही येतं. इन्स्टॉलेशनचा गाभा हाच. 'शिल्प' म्हटलं की मात्र वाचकाला घडवलेली, ओतलेली, भोवती फिरून बघायची वस्तू दिसते. जुना अर्थ व्यापक होता, शिल्पशास्त्रात वास्तूसुद्धा येते, पण आज तो कोणाच्या कानात उरलेला नाही. तरी शब्द बदलायच्या भानगडीत पडू नका. 'प्रतिष्ठापना' लिहून पाहा, लगेच गणपती बसल्यासारखं वाटतं.

कसोटी अशी: काम दुसऱ्या खोलीत हलवलं तर नुसतं ठेवून भागतं, की नव्याने मांडावं लागतं? नुसतं ठेवून भागत असेल तर ते शिल्प. पत्र्याच्या ट्रंकांमधलं अंतर, प्रकाशाचा कोन, बघणाऱ्याची वाट हे सगळं पुन्हा ठरवावं लागत असेल तर मांडणशिल्प. चित्रकार विवान सुंदरम यांचं 1993चं 'मेमोरियल' घ्या. 1992-93च्या मुंबई दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या माणसाचं वृत्तपत्रातलं छायाचित्र त्याच्या मुळाशी आहे, आणि त्यात पत्र्याच्या ट्रंकांची कमान आहे. ट्रंक घडवलेली नाही, बाजारातली आहे. ती ज्या जागी मांडली त्यामुळे अर्थ आला.

गेरू:
मग चित्रकार अतुल डोडियांची शटरं?

पत्रेवाला:
माझ्या मते ती चित्रंच. 2000च्या सुमारास त्यांनी दुकानाच्या लोखंडी रोलिंग शटरवर चित्रं रंगवायला सुरुवात केली. शटर वर सरकवलं की मागे दुसरं चित्र. कुठल्याही भिंतीवर बसवा, काम तेच राहतं. हलणारा भाग आहे म्हणून मांडणशिल्प होत नाही, नाहीतर घडीची खुर्चीही होईल.

इथे 'शटर'च लिहा. 'लोखंडी पडदा' लिहिलात की मुंबईच गेली. 'शटर पाडलं' म्हणजे धंदा बंद, आणि गल्लीत काहीतरी बिनसलंय हेही. कामाचा निम्मा अर्थ त्या क्रियापदात आहे.

एक तांत्रिक गोष्ट, कारण माहितीफलकावर 'शटरवर ऑइलपेंट' इतकंच लिहून लोक मोकळे होतात. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर एनॅमल थेट मारला तर जस्ताशी त्याची प्रतिक्रिया होऊन काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. आधी पत्रा धुऊन तेलकटपणा काढायचा, मग जस्तावर चालणारा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणारा अस्तराचा हात, मग रंगाचे पातळ हात. जाड हात पट्ट्यांच्या सांध्यात साचतो आणि शटर गुंडाळताना तिथेच तडकतो. म्हणून फलकावर पत्रा, प्रायमर, रंग हे वेगवेगळे लिहावेत. उद्या दुरुस्ती करणाऱ्याला तेच लागतं.

लोणारी:
कोळशाबद्दल जरा सविस्तर. चित्रकार प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, खाणपट्ट्यातले. खाणकामगार, खणून पोखरलेली जमीन यांची मोठमोठी रेखाटनं ते थेट भिंतीवर करतात. त्यावर मराठीत 'कोळशाने काढलेली खाणकामगारांची चित्रं' असं लिहिलं जातं. वाचायला झकास, पण वाचकाला वाटतं खाणीतला कोळसा उचलून भिंतीवर घासला. तसं नाही. खाणीतला तो दगडी कोळसा. रेखाटनाची कांडी लाकडाची, म्हणजे लोणारी कोळशाची जात: लाकूड हवा कोंडून जाळलेलं. दगडी कोळसा कठीण, कागद ओरखडतो. लाकडी कांडी भुसभुशीत, बोटाने पसरते, कापडाने पुसते.

मराठीत दोन्हींना एकच 'कोळसा' आहे ही या चित्रांच्या बाबतीत मोठी देणगी आहे. 'चारकोल' लिहिलं की ती हातची जाते. तेव्हा मजकुरात 'कोळसा' आणि साहित्याच्या ओळीत 'लाकडी कोळसा (चारकोल), भिंतीवर' असं लिहावं.

भिंत कोणती हेही नोंदवा. चकचकीत प्लास्टिक इमल्शनवर कोळसा धरत नाही, नुसता घसरतो. मॅट रंग किंवा डिस्टेंपर हवा. ओल असलेल्या भिंतीवर क्षार फुटून रेषा आतून ढकलल्या जातात. फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा) फूटभर लांबून, दोन-तीन हलके फवारे, मधे वाळू द्यायचं. जवळून एकच जाड फवारा मारला तर ओघळ येतो आणि कोळशाचा मखमली काळा मरून चिकट करडा होतो.

चुनखडी:
आणि नुसतं भिंतीवरचं असेल तर 'भित्तिरेखाटन' म्हणा. चित्रकार नलिनी मलानींनी 1992 साली मुंबईत गॅलरी केमोल्डच्या भिंतींवर 'सिटी ऑफ डिझायर्स' केलं. प्रदर्शन संपल्यावर त्यावर चुना फिरला. ते ठरलेलंच होतं. अशा कामाला 'नष्ट झाले' लिहू नका, 'पुसले' लिहा.

पाटपाणी:
'देखावा' कोणी कसा काढला नाही? गणेशोत्सवातली मंडळं महागाईपासून पुनर्विकासापर्यंत सगळं मांडत आली आहेत: प्लायवूड, थर्माकोल (आता बंदी), मोटरवर मान हलवणारे पुतळे, मागे ध्वनिमुद्रित निवेदन. हलता देखावा म्हणजे मांडणशिल्पच की!

चुनखडी:
चुलत भाऊ. देखाव्यात माणूस दोरीच्या अलीकडे उभा राहून निवेदन संपेपर्यंत बघतो, म्हणजे समोरची बाजू ठरलेली. मांडणशिल्पाला समोरची बाजू नसते, आत शिरावं लागतं. शिवाय देखाव्यात निवेदक अर्थ सांगून टाकतो. कमअस्सल म्हणून नव्हे, जात वेगळी म्हणून शब्द वेगळा ठेवावा. समीक्षक एखाद्या मांडणशिल्पाला 'देखावा' म्हणतात तेव्हा तो टोमणा असतो, हेही ध्यानात असू द्या.

गेरू:
चित्रकार सुधीर पटवर्धनांचं 2001चं 'लोअर परळ'? विषय तोच, गिरणगाव पालटण्याचा.

पत्रेवाला:
चित्र. विषयाने प्रकार ठरत नाही.

चुनखडी:
क्रियापद राहिलं. 'साकारले' टाळा, ते रांगोळीपासून केकपर्यंत सगळ्याला वापरून बोथट झालंय. 'उभारले' पुतळ्याला. मांडणशिल्प मांडतात. बोलताना गॅलरीतली माणसं 'काम लावलं', 'काम उतरवलं' म्हणतात, तेही चालेल. फलकावर मापांच्या जागी 'विविध आकार' असं लिहितात ते चूक: त्याने वस्तू लहानमोठ्या आहेत असं वाटतं. 'मापे जागेनुसार' लिहा, आणि किती ट्रंका, किती दिवे, हे आकड्यात द्या. पुढच्या वेळी मांडणारा माणूस दुसरा असतो.