मदत हवी आहे : डाउनहिल सायकलिंगसाठी फुल-फेस (हनुवटीसह चेहरा झाकणारे) हेल्मेट कसे निवडावे?

सप्रेम नमस्कार. मी इंदूरला राहतो आणि रविवारी महूजवळच्या जानापावच्या उतारांवर माउंटन बाइक चालवतो. गेल्या महिन्यात सुट्या मुरुमावर पुढचे चाक घसरले आणि हनुवटीला चार टाके पडले. साध्या अर्ध्या हेल्मेटने डोके वाचवले, चेहरा मात्र उघडाच होता.

माझ्या वाचनानुसार युरोपच्या ईएन १०७८ या मानकात हनुवटीपुढच्या कडक कमानीची (चिन बारची) चाचणी होत नाही, तर डाउनहिलसाठीच्या अमेरिकेच्या एएसटीएम एफ १९५२ या मानकात ती होते; म्हणून दुसऱ्या मानकाचेच हेल्मेट घ्यावे, असे मला वाटते. मोटारसायकलचे हेल्मेट चालेल असे मित्र सुचवतात, परंतु ते जड असते आणि चढावर त्यात जीव गुदमरतो. (आमच्याकडचा मे महिना आपण जाणताच.)

माझ्या डोक्याचा घेर ५८.५ सेंटिमीटर, म्हणजे नेमका दोन मापांच्या मधला आहे. अशा वेळी लहान माप घेऊन गालांच्या गाद्या पातळ बसवाव्यात, की मोठे माप घेऊन त्या जाड कराव्यात? तसेच मिप्सचे (तिरक्या आघातात डोक्याला बसणारा पीळ कमी करण्यासाठीचे, किंचित सरकणारे) अस्तर असलेल्या हेल्मेटसाठी जास्तीचे पैसे मोजणे योग्य ठरेल का? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.