नाशिकला कॅब मिळत नाही म्हणून फक्त ड्रायव्हरला शिव्या? थांबा जरा

उपनगर_नाका
परवा इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की नाशिकला अ‍ॅपवरची गाडी मिळत नाही याचं एकच कारण, ड्रायव्हर माजलेत. पूर्वी म्हणे दोन मिनिटांत दारात गाडी उभी राहायची, आता फोन येतो "कुठे जायचंय, कॅश का ऑनलाइन", आपण सांगितलं की कॅन्सल. उपाय काय, तर सगळ्यांची लायसन्सं रद्द करा. आणि खाली टाळ्यांचा पाऊस. वाचून डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी ड्रायव्हर नाही, माझा कोणी नातेवाईकही नाही. पण जरा विचार करा. संध्याकाळी पाथर्डी फाट्यावरून तुम्ही आडगावला गाडी मागवता. ड्रायव्हर द्वारका चौकात अडकलाय, तिथून तुमच्यापर्यंत रिकामा येणार, त्याचे पैसे नाहीत. मग तुम्हाला घेऊन परत द्वारकेच्याच जत्रेतून आडगावला, आणि तिथून येताना पुन्हा रिकामा, कारण त्या वेळेला आडगावहून शहरात यायला कोण बसलंय? मुंबईत जिथे सोडाल तिथे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. आपल्याकडे म्हसरूळ, मखमलाबाद, ओझर, कुठेही सोडा, परतीचं भाडं नशिबावर. अ‍ॅपला हे दिसत नाही, ते फक्त तुम्ही बसल्यापासून उतरेपर्यंत मोजतं.

मग पूर्वी कसं परवडायचं? नव्हतंच परवडत. कंपन्या वरून इन्सेंटिव्ह टाकत होत्या. उबर २००९ ला सुरू झाली आणि पूर्ण वर्षाचा ऑपरेटिंग नफा पहिल्यांदा दाखवला २०२३ ला. मधली सगळी वर्षं तुमच्या स्वस्त राइडचे पैसे दुसरंच कोणीतरी भरत होतं. तो ओघ आटला आणि आता खरी किंमत द्यायची वेळ आली तर माज ड्रायव्हरचा.

त्यात आता नवीन गंमत. २०२५ पासून झीरो कमिशन. फेब्रुवारीत उबरने रिक्षासाठी केलं, जूनमध्ये ओलाने सगळ्यांसाठी. ड्रायव्हरने रोजची ठराविक फी भरायची आणि भाडं स्वतः ठेवायचं. ऐकायला छान. पण कंपनीचे पैसे सकाळीच वसूल झाले की संध्याकाळी तुम्ही स्टेशनला पोचलात का फाट्यावर उभे राहिलात, तिला काय फरक पडतो? कमिशन होतं तेव्हा निदान ट्रिप पूर्ण होण्यात तिचा स्वार्थ होता.

पंचवटी_पासवाली
फार अभ्यासपूर्ण. आता माझं ऐका. पंचवटी एक्सप्रेसने रात्री दहाच्या आसपास नाशिकरोडला उतरते, दिवसभर मुंबईत राबून. अ‍ॅप उघडते, गाडी लगेच मिळते, ड्रायव्हर "ॲक्सेप्ट" करतो आणि नकाशावर ती गाडी स्टेशनजवळच्या बिटको चौकात तशीच उभी. हलत नाही, फोन उचलत नाही, कॅन्सलही करत नाही. का? कारण त्याने केलं तर त्याच्या रेकॉर्डवर, मी केलं तर माझ्याकडून दंड. मग दोघंही वाट बघत बसायचं, कोण आधी थकतंय. मीच थकते, मला घरी जायचं असतं.

तेवढ्यात बाहेर उभे असलेले चार जण, "मॅडम कुठे, मॅडम कुठे". आकडा अ‍ॅपच्या दुप्पट. त्यातल्या एकाची गाडी तीच निघाली जी माझ्या मोबाईलवर बिटकोला उभी होती!! नंबर तोच. वर हसून म्हणाला कॅन्सल करा ना, मी सोडतो की तुम्हाला. याला तुम्ही रिकामी फेरी म्हणता का? तुमचं अर्थशास्त्र त्या वेळी माझ्या काय कामाचं, सांगा.

उपनगर_नाका
तो फसवाफसवीच करत होता, त्याचं समर्थन मी कुठे केलं? पण एकावरून सगळे...

पंचवटी_पासवाली
"एकावरून सगळे" हे वाक्य तुम्ही रात्री स्टेशनबाहेर बॅग घेऊन उभं राहून म्हणून दाखवा.

पिवळी_पाटी
ताई तुमच्यासोबत झालं ते वाईटच, असं करणारे आहेत, त्यांच्यामुळे आम्ही पण शिव्या खातो. मी गाडी चालवतो, स्वतःची आहे म्हणजे बँकेची आहे. आता माझी बाजू पण ऐका, राग नका मानू. सकाळी सीएनजीच्या लाइनीत उभा राहिलो तो वेळ कोण देतं, कोणी नाही. लॉग इन केलं, फी कटली. पहिली ट्रिप पडली इंदिरानगर, पिकअपला गेलो तर पार्टी म्हणते पाच मिनिट, मग लिफ्टमधून खाली यायला अजून दहा, मग म्हणते वाटेत मम्मीला घ्यायचंय जरा कॉलेजरोडवरून, अ‍ॅपमध्ये स्टॉप टाका म्हटलं तर टाकत नाही, उतरल्यावर वन स्टार. रेटिंग पडलं की ट्रिपा कमी येतात, आणि तक्रार केली तर आयडी ब्लॉक, कोणाशी बोलायचं तर चॅटवर मशीन बोलतं. कुठे जायचंय विचारतो ते यासाठी की लांब कुठे गॅस संपला तर पंपापर्यंत गाडी ढकलत आणता येत नाही. कॅश विचारतो कारण संध्याकाळी गॅस भरायला पैसे हातात लागतात. यात माज कुठे आला?

मुलुंड_ते_गंगापूररोड
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. नाशिकमध्ये रिक्षाला मीटर का चालत नाही?? हा प्रश्न सुटला असता तर अ‍ॅपची गरजच पडली नसती. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, शेंबड्या पोराला पाठ. रात्री दोनला बसा, अनोळखी भागात बसा, मीटर पडतो, विषय संपला. इथे रिटायर होऊन आलो, हवा छान, पाणी छान, पण अशोकस्तंभावर रिक्षावाल्याला मीटर टाका म्हटलं तर तो माझ्याकडे बघून हसला आणि शेजारच्यालाही हसायला बोलावलं.

भद्रकाली_भो
आले मुंबईकर. काका, नाशिक शेअर सीटवर चालतं, चालत आलंय. सीबीएस म्हणजे शहरातल्या बसस्टँडपासून नाशिकरोडपर्यंत सीटवर बसा, सुट्टे पैसे द्या, उतरा. गरीब माणूस याच्यावरच जगतो. मीटरने सीबीएस ते नाशिकरोड नऊ-दहा किलोमीटर जायला किती होतील ते करा हिशोब. तुम्हाला फ्लॅट विकून आलेले पैसे आहेत, आम्हाला नाहीत भो.

मुलुंड_ते_गंगापूररोड
परवाना तीन प्रवाशांचा असतो, बसवतात पाच, एक ड्रायव्हरच्या मांडीवर. ही तुमची गरिबांची सोय. आणि माझ्या फ्लॅटचा इथे काय संबंध?

भद्रकाली_भो
संबंध असा की तुमच्यासारखे आल्यावरच गंगापूर रोडला जागांचे भाव असे झाले की आमची पोरं म्हसरूळच्या पुढे राहायला गेली, जिथे अ‍ॅप पण येत नाही आणि रिक्षा पण येत नाही. आता लावा मीटर.

मुलुंड_ते_गंगापूररोड
वा. म्हणजे रिक्षावाला मीटर टाकत नाही याला पण मीच जबाबदार. द्वारकेच्या ट्रॅफिकला पण मीच असेन.

भद्रकाली_भो
तुमची गाडी मुंबईच्या एमएच ०३ पासिंगची असेल तर हो, थोडे.

कलम_वाचक
भांडण चालू द्या, पण माहिती नसेल तर सांगतो. केंद्राची अ‍ॅग्रिगेटर, म्हणजे ओला-उबरसारख्या अ‍ॅप कंपन्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं १ जुलै २०२५ ला नव्याने आली. योग्य कारणाशिवाय कॅन्सल केलं तर भाड्याच्या १० टक्के दंड, जास्तीत जास्त १०० रुपये, ड्रायव्हरलाही आणि प्रवाशालाही. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुप्पटपर्यंतच घेता येतं, २०२० च्या नियमात दीडपट होतं. गाडी स्वतःची असेल तर ड्रायव्हरला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा. आणि उपनगर_नाका यांच्या रिकाम्या फेरीबद्दल, मूळ भाडं किमान ३ किलोमीटरचं धरायचं ते त्याचीच भरपाई म्हणून.

सातपूर_निवृत्त
नियम उत्तम आहेत. फ्रेम करून रामकुंडावर लावा, पर्यटक फोटो काढतील.

पंचवटी_पासवाली
तो न हलता उभा राहतो आणि कॅन्सल मला करायला लावतो, मग १० टक्के दंड कोणाला? मलाच ना? नियम करणाऱ्याने कधी स्टेशनबाहेर गाडी शोधली असेल असं वाटत नाही.

कलम_वाचक
तांत्रिकदृष्ट्या ते "योग्य कारण" धरायला हवं. पण ठरवणार अ‍ॅपच, हे खरं. एवढं मान्य.

पिवळी_पाटी
तीन किलोमीटरची भरपाई म्हणे. ओझर विमानतळाला सकाळी पार्टी सोडली की वीस किलोमीटर परत यायचंय साहेब, तीन नाही.

सातपूर_निवृत्त
मला एक कळत नाही, बसबद्दल कोणीच का बोलत नाही. शहराची बस आधी एसटी चालवायची, २०२१ च्या जुलैत महापालिकेची सिटीलिंक आली, मोबाईलवर बस कुठे आहे ते दिसतं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला बरी आहे. मध्ये कंडक्टर लोकांचा पगार थकला की संप होतो तेवढं सोडा. आणि मेट्रो निओ, २०२१ च्या बजेटमध्ये २०९२ कोटी जाहीर झाले, रबरी टायरची मेट्रो, देशात पहिली. अजून एक खांब दिसला का कोणाला? त्या बातमीवर गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत बिल्डरांनी "मेट्रोलगत" म्हणून जाहिराती केल्या. मुलुंडकर, तुमच्या ब्रोशरमध्ये होती का?

मुलुंड_ते_गंगापूररोड
होती. विषय नको.

भद्रकाली_भो
😂😂 काका, आता तुम्ही खरे नाशिककर झालात.

मुलुंड_ते_गंगापूररोड
हसा. पण मीटरचं उत्तर अजून मिळालं नाही. आणि उपनगर_नाका, तुम्ही स्वतःच वर लिहिलंय ते नीट वाचा. उबरने रिक्षाचं झीरो कमिशन केलं तेव्हा अ‍ॅपवरचा आकडा फक्त सुचवलेला झाला, शेवटचं भाडं ड्रायव्हर आणि प्रवाशाने आपसात ठरवायचं आणि पैसे थेट त्याच्याच हातात द्यायचे. म्हणजे काय झालं? अशोकस्तंभावरचाच भाव मोबाईलवर. इतकी वर्षं, इतके पैसे घालून कंपन्यांनी नाशिकची बिनमीटरची रिक्षा शोधून काढली.

उपनगर_नाका
हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. सांगायला जीवावर येतंय.

पंचवटी_पासवाली
त्यात आगाऊ टिप विसरलात. गाडी लवकर हवी तर आधीच टिप टाका, मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला त्यावर नोटीस काढली होती. काम व्हायच्या आधी टिप म्हणजे सरळ बोली लावणं झालं. पाऊस पडतोय, रात्र झालीये, कोण जास्त देतंय बोला.

पिवळी_पाटी
ताई खरं सांगू का, टिपवाली ट्रिप दिसली की आम्ही तीच उचलतो. तुम्ही पण उचलली असती. हप्ता पाच तारखेला जातो, तो पाऊस बघत नाही.

पंचवटी_पासवाली
उचलली असती, ठीक आहे. पण मग "मिळेल" असं दाखवू नका ना. सरळ लिहा, आज नाशिकरोडहून आडगाव कोणी येणार नाही, तीनशे दिलेत तर येऊ. मी तीनशे देईन किंवा भावाला बोलवीन. मला चीड त्या "३ मिनिटांत पोहोचेल" ची आहे. वीस मिनिटं तेच लिहिलेलं असतं.

पिवळी_पाटी
ते तीन मिनिट आमच्या मोबाईलवर पण तसंच येतं. द्वारकेला मी उभा, पिकअप समोरच्या बाजूला, सरळ रेषेत जवळच. फिरून यायचं तर किती वेळ हे नाशिकच्या माणसाला सांगायला नको.

सातपूर_निवृत्त
आणि सिंहस्थ कुंभमेळ्याला काय करणार आहात सगळे? ३१ ऑक्टोबर २०२६ ध्वजारोहण, २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान. २०१५ ला बाहेरच्या गाड्या गावाबाहेरच अडवल्या होत्या, तिथून पुढे लोकं पायी. परगावचा माणूस उतरल्या उतरल्या पहिलं अ‍ॅपच उघडणार.

भद्रकाली_भो
तेव्हा सीटचा भाव आम्हीच लावू, काळजी नको.

मुलुंड_ते_गंगापूररोड
बघा! बघा, स्वतःच्या तोंडाने बोलला. गरिबांची सोय म्हणे.

भद्रकाली_भो
काका मी रिक्षा चालवतच नाही, माझं किराणा दुकान आहे. तुम्हाला चिडवायला मजा येते फक्त.

उपनगर_नाका
धागा मी काढला होता कंपनीवर, चाललाय मीटरवर. असो. पासवाली ताई, तुमचं म्हणणं इतकंच ना, की ज्याचा भरोसा देता येत नाही ते दाखवू नये? मग आपण भांडतोय कशाला. मी पण तेच म्हणतोय, फक्त ते खोटं दाखवणारा ड्रायव्हर नाही, अ‍ॅप आहे.

पंचवटी_पासवाली
बिटकोला उभं राहून न हलणारा अ‍ॅप नव्हता, मिशीवाला माणूस होता. अर्धं तुमचं, अर्धं माझं. याच्यापुढे मी सरकणार नाही.

कलम_वाचक
अवांतर, पण परवा पहाटे ओझरला जायचंय, विमान सकाळचं आहे. अ‍ॅपवर आधी बुक करून ठेवलं तर येतात का? पिवळी_पाटी, तुमचा अनुभव?

पिवळी_पाटी
आधी बुक केलेली पण ऐनवेळी कोणाला पडेल ते अ‍ॅपच ठरवतं साहेब, पहाटेचं धरून चालू नका. व्यनि करा, मी येतो. येताना रिकामा आहे एवढं लक्षात ठेवा.

मुलुंड_ते_गंगापूररोड
कलमवाले, भाडं आधी ठरवून घ्या. तुमच्या १ जुलैच्या तत्त्वांची प्रत पण बरोबर ठेवा, वाटेत वाचून दाखवा त्यांना.