मदत हवी आहे : नववीच्या मुलांना वेष्टनावरचा मजकूर वाचायची सवय कशी लावावी?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या काही महिन्यांपासून आमच्या नववीच्या मुलांच्या हातात मधल्या सुट्टीत एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. हे पेय मुलांसाठी नाही, अशी सूचना बाटलीवरच असते. मात्र ती इतक्या बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेली असते की मुलांचे तिच्याकडे लक्षच जात नाही. आपल्याकडे अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिनला परवानगी आहे. शिवाय, शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ वा चरबी असलेले पदार्थ विकण्यास २०२० च्या नियमांनी मनाई केली असली, तरी आमच्या फाटकासमोरच टपरी आहे.

परवा मी एका बाटलीवर लिहिलेली २७ ग्रॅम साखर प्रयोगशाळेच्या तराजूवर मोजून काचेच्या पेल्यात ओतली, तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलाच्या दप्तरात पुन्हा तीच बाटली होती. त्याला रागवावेसे मला वाटले नाही, कारण मित्रांसमोर नाही म्हणणे त्या वयात फार जड जाते.

धाक न दाखवता मुलांना स्वतः विचार करून निवड करायला शिकवणारा एखादा उपक्रम आपण राबवला असेल, तर तो कसा केला आणि पालकांना त्यात कसे सामील करून घेतले, हे कृपया सविस्तर लिहावे.