मदत हवी आहे : रीडिंग फेस्टिवलला मुलगा चार रात्री तंबूत राहणार, हुल्लडबाजीपासून कसं सांभाळायचं?

मेथीलाडू
नमस्कार मंडळी. मुलगा १७ वर्षांचा आहे. ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला (सोमवारची सार्वजनिक सुट्टी) इंग्लंडातल्या रीडिंग फेस्टिवलला, म्हणजे तिथल्या मोठ्या संगीत महोत्सवाला, चाललाय. तिघं मुलगे, दोन मुली. गुरुवारी जाणार, सोमवारी सकाळी परत. सोबत मोठं कुणी नाही. तिकिटं काढून झाली आहेत, तेव्हा "पाठवूच नका" हा सल्ला कृपया नको. आम्ही जवळच्या स्लाव गावात राहतो.

तंबू सुपरमार्केटातला आहे, चार माणसांचा. दुसरा दोन माणसांचा मुलींसाठी. तंबू जाळतात, झोपलेल्यांच्या अंगावर उड्या मारतात, चोऱ्या होतात असं ऐकून पोटात गोळा आलाय. यातलं खरं किती? तंबू कुठे लावायचा, सामान काय द्यायचं, शेजारी धिंगाणा घालायला लागले तर पोरांनी नेमकं काय करायचं? ज्यांना या प्रकाराची माहिती आहे त्यांनी सांगा.

शिट्टी
खरं आहे, पण चारही रात्री सारख्या नसतात. गुरुवार, शुक्रवार, शनिवारी त्रास असतो तो आवाजाचा, दारूचा आणि किरकोळ चोरीचा. तंबू पेटवणं, खुर्च्या-गॅझिबो (कापडी मांडव) मोडून आगीत टाकणं हा मुख्यतः रविवार रात्रीचा कार्यक्रम. २०२२ला ज्या बातम्या आल्या त्याही शेवटच्या रात्रीच्याच. शिमग्याला पोरं कुणाच्याही परसातली लाकडं पळवून होळीत टाकतात ना, तसंच. फरक एवढाच की इथे लाकडांच्या जागी नायलॉनचे तंबू असतात आणि त्यातल्या एखाद्यात माणूस झोपलेला असू शकतो.

कारणंही सरळ आहेत. वीस-तीस पौंडांचा तंबू परत नेण्याची कुणाची इच्छा नसते, म्हणजे मैदानभर फुकटचं सरपण. चार दिवसांचं जागरण आणि सोमवारी सुट्टी. त्यात वय बघा : सोळा-सतरा वर्षांची मुलं इथे पालकांशिवाय येऊ शकतात आणि दहावीचा, म्हणजे जीसीएसईचा, निकाल त्याच आठवड्यात लागतो. २०२४ला २२ ऑगस्टला लागला, २०२५ला २१ला, दोन्ही वेळा फेस्टिवल सुरू झालेलं होतं. घराबाहेरची पहिलीच रात्र असलेली हजारो पोरं एका मैदानात.

म्हणून माझं स्पष्ट मत : रविवारची रात्र तंबूत काढूच नका. बाकी सगळी तयारी दुय्यम आहे. शेवटचा बँड रात्री अकराच्या सुमारास संपतो. लिटल जॉन्स फार्मपासून (फेस्टिवलचं मैदान) रीडिंग स्टेशन चालत वीस-पंचवीस मिनिटं आणि स्लाव एम-४ महामार्गावरून अर्ध्या तासावर. इतक्या जवळ राहून चौथी रात्र तिथे घालवण्यात काय हशील?

योजना अशी करा. रविवारी दुपारी, उजेड असताना, पोरांनी तंबू उतरवून पिशव्या भरायच्या. तुम्ही तीन-चारच्या सुमारास जाऊन तंबू आणि स्लीपिंग बॅगा गाडीत घालून आणायच्या. संध्याकाळी पोरं फक्त छोटी सॅक घेऊन आत राहतील. रात्री मैदानालगतच्या रिचफिल्ड ॲव्हेन्यू रस्त्याच्या तोंडाशी गाडी घालू नका, गर्दीत अडकाल. स्टेशनच्या दिशेने दहा मिनिटं चालत येतील अशी एक जागा दिवसाच ठरवा आणि "साडेअकरा ते बारा" अशी वेळ द्या. "निघालो की फोन करतो" यावर राहू नका, त्या वेळी फोन लागेलच असं नाही.

खडूस_काका
अनुमोदन. १९९९च्या वुडस्टॉकलाही (अमेरिकेतला संगीत महोत्सव) आगी लागल्या त्या शेवटच्या रात्रीच. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावचा जुना लष्करी विमानतळ, रणरणतं ऊन, पाण्याची बाटली चार डॉलरला आणि वर शांततेसाठी म्हणून लोकांच्या हातात मेणबत्त्या दिलेल्या. मेणबत्त्या! कुंपणाच्या फळ्या गेल्या सगळ्या जाळात.

खुंटीवाला
तंबूबद्दल लिहितो. नवीन तंबू घरी बागेत एकदा लावून, उतरवून, परत पिशवीत घालून बघा. पहिल्यांदा मैदानात उघडणारे हमखास दांडा मोडतात किंवा खुंट्या कमी निघतात. सोबतच्या तारेच्या खुंट्या वाकतात, दहा-बारा जाड खुंट्या वेगळ्या घ्या.

जागा निवडताना शक्यतो गुरुवारी सकाळी पोचा, दुपारनंतर उरलेलं मिळतं. मुख्य वाटेपासून तीन-चार ओळी आत. वाटेलगतच्या तंबूवर रात्रभर लोक अडखळून पडतात, "अंगावर उडी मारली" यातल्या बऱ्याच घटना खरं तर पडण्याच्या असतात. संडासाजवळ नको (वास, रांग, चिखल), सखल भागात नको. पहाऱ्याचा मनोरा किंवा स्टुअर्डची (आयोजकांच्या मदतनिसाची) चौकी दिसेल इतपत जवळ आणि दिव्याचा उजेड पोचेल असं. मोठा गट गोल करून मध्ये मोकळी जागा सोडतो, तिच्या काठाला तंबू लावू नका. ती मोकळी जागाच रात्रीचा अड्डा होते. शांत कॅम्पचा पर्याय असेल तर आधी नोंदणी करून तोच घ्या. पोरं "बोअर" म्हणतील, म्हणू देत.

दोन्ही तंबूंची दारं समोरासमोर, मध्ये दीड-दोन मीटर. साध्या कॅम्पसाइटवर इथे दोन तंबूंत सहा मीटर अंतर ठेवायचा प्रघात आहे. फेस्टिवलला ते मिळत नाही आणि म्हणूनच एक पेटला की शेजारचा पेटतो. ताणदोऱ्या आखूड बांधा आणि प्रत्येकीला पांढऱ्या कापडाची पट्टी गुंडाळा.

झोपताना डोकं वाटेच्या विरुद्ध बाजूला. वाटेकडच्या भिंतीला सॅक लावून ठेवायची, कुणी पडलंच तर आधी सॅकवर पडेल.

चेनला कुलूप लावू नका. चोराला ते "इथे काहीतरी आहे" असं सांगतं, आणि कापड फाडायला ब्लेड पुरतं. शिवाय आग लागली तर तुम्हीच आत अडकाल. चेनचे दोन्ही हूक वर, मध्याशी आणून ठेवा, अंधारात हात थेट तिथे जातो. आतल्या जाळीचं कापड चेनमध्ये अडकतं, म्हणून एका हाताने कापड ताणून दुसऱ्याने ओढायची सवय घरीच करा.

वैद्यबुवा
आगीचं आणि तब्येतीचं मी घेतो.

तंबूचं कापड मिनिटभरात जाऊ शकतं आणि वितळून अंगाला चिकटतं. त्यामुळे क्रम एकच : बाहेर पडा, ओरडून शेजाऱ्यांना उठवा, स्टुअर्डकडे पळा. फोन, बूट, कशासाठीही परत आत नाही. भाजलं तर चिकटलेलं कापड ओढू नका. अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं थंड पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. मग वर स्वच्छ क्लिंगफिल्म (अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक) सैल ठेवून वैद्यकीय तंबूत. कुठेही शेकोटी पेटलेली दिसली तर तिच्याभोवती बसू नका. कुणीतरी डिओचा किंवा गॅसचा डबा टाकतं आणि तो फुटतो.

थंडी वाजते म्हणून विझत आलेला बार्बेक्यू तंबूत घेणं हा जिवावरचा खेळ आहे. निखारे विझल्यासारखे दिसले तरी कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. डोकं दुखणं, मळमळ, गळून जाणं ही लक्षणं हँगओव्हरसारखीच, म्हणून कुणाला शंका येत नाही. ऑगस्टातली रात्रही तिथे दहा अंशांच्या आसपास उतरू शकते. स्लीपिंग बॅगखाली फोमची मॅट द्या, लोकरी टोपी द्या, प्रश्न मिटतो.

दारूबद्दल. कायद्याने १८च्या आत विकत मिळत नाही आणि दुसऱ्याने त्यांच्यासाठी विकत घेणं हाही गुन्हा आहे. तरीही तंबूत ती फिरतेच, हे धरून चला. सगळ्यात महाग पडणारं वाक्य म्हणजे "झोपू दे, उतरेल". शेवटच्या घोटानंतरही पोटातली दारू रक्तात जातच राहते, त्यामुळे झोपलेला माणूस अजून बिघडू शकतो. हाक मारून, खांदा हलवून नीट उत्तर देत नसेल, श्वास घरघरत किंवा थांबून थांबून येत असेल, ओठ निळसर, अंग गार असेल तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवायचं : जवळचा हात काटकोनात बाहेर, दुसरा हात गालाखाली, पलीकडचा गुडघा वर उभा करून त्याला धरून आपल्याकडे ओढायचं, हनुवटी किंचित वर म्हणजे उलटी बाहेर येईल. एकाने जवळ थांबायचं, दुसऱ्याने मदत आणायची. थांबणारा हलत नाही.

कुणी नशेची गोळी घेतली असेल आणि अंग तापलंय, जबडा आवळलाय, बरळतोय असं असेल तर थंडाव्यात न्या आणि वैद्यकीय तंबूत काय घेतलं ते खरं सांगा. ते लपवण्यात वेळ जातो आणि माणूसही जाऊ शकतो. भराभर लिटरभर पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. फुग्यातला गॅस (नायट्रस) अजूनही काही पोरांना गंमत वाटते. नोव्हेंबर २०२३पासून तो इथे कायद्याने क्लास सी वर्गातला अमली पदार्थ आहे.

मेथीलाडू
सगळ्यांचे आभार, सविस्तर लिहिलंत. रविवारी आणायला जायचं नक्की केलं, चिरंजीव फुरंगटून बसलेत. दोन शंका : शेजारच्यांनी त्रास दिला तर? आणि फोन-पैसे-पासपोर्ट यांचं काय? अजून भारतीय पासपोर्टच आहेत आमचे.

रातराणी
ताई, पासपोर्ट अजिबात देऊ नका. चिखलात हरवला तर हाय कमिशनच्या फेऱ्या तुम्हालाच. वयाचा पुरावा म्हणून होलोग्रामवालं पास-कार्ड मिळतं, ते आत्ताच मागवा, यायला वेळ लागतो. रोकड वीस-तीस पौंड, एक कार्ड. झोपताना फोन आणि पाकीट स्लीपिंग बॅगच्या तळाशी, पायांजवळ. उशाखाली नको, चोराचा हात तिथेच आधी जातो. निघण्याआधी फोनवर *#०६# दाबून येणारा आयएमईआय (फोनची ओळख पटवणारा) क्रमांक तुम्ही घरी लिहून ठेवा.

२०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे आजच्या फोनची साधारण तीनदा चार्जिंग, चारदा नव्हे. रात्री फोन विमान मोडवर. गर्दीत कॉल लागत नाही तेव्हा साधा एसएमएस बरेचदा जातो. दोन नंबर कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये, आणि "हरवलो तर दर तासाच्या ठोक्याला अमुक खांबाशी" असं ठिकाण.

मुलींसाठी : रात्री संडासला दोघी मिळून, टॉर्च हातात नको, डोक्याला. आपला ग्लास खाली ठेवला की तो गेला, परत उचलायचा नाही. एक-दोन पेयांत अचानक तोल जायला लागला तर "चढली" समजून एकटीला तंबूत झोपवू नका, वेल्फेअर (अडचणीतल्यांच्या मदतीचा) किंवा वैद्यकीय तंबूत न्या. अशा वेळी "मी सोडतो तिला" म्हणणारा अनोळखी भला माणूस नको. आणि हे मुलग्यांनाही सांगा.

शिट्टी
शेजाऱ्यांबद्दल. तंबू लावतानाच नाव सांगून ओळख करून घ्या, एखादं बिस्किटाचं पाकीट पुढे करा. तोंडओळख असलेल्या तंबूवर उडी मारायला माणूस जरा कचरतो, आणि चोर आला तर तेच शेजारी हटकतात.

नुसता आवाज असेल तर इअरप्लग, भांडण नाही. दारू प्यायलेल्या घोळक्याला "हळू बोला" सांगायला गेलं की तुम्हीच त्यांची करमणूक होता. वस्तू फेकणं, दोऱ्या उपटणं, आग, कुणाच्या अंगावर जाणं यातलं काहीही सुरू झालं तर तिथून पाचही जण उठा आणि चौकीवर जा. पोरं चुकतात ती इथे : एक जण "सामान बघतो" म्हणून मागे राहतो.

सांगताना चार गोष्टी : आपल्या कॅम्पचा रंग किंवा नाव, जवळच्या खांबाचा किंवा मनोऱ्याचा क्रमांक, किती जण आहेत, आत्ता काय करताहेत. "तिकडे काहीतरी चाललंय" म्हटलं तर कुणी हलत नाही. स्टुअर्ड माहिती वर कळवतो, माणसाला बाहेर काढायचं काम सुरक्षारक्षकाचं. त्याचा एसआयए (सुरक्षारक्षकांना परवाना देणारी सरकारी संस्था) परवाना दिसेल असा लावलेला असतो, तो बघून बोला. जिवावर बेतलं तर ९९९ला (इथला आणीबाणीचा नंबर) फोन. तंबू हलवून द्या अशी मागणी शुक्रवारी सकाळीच करा, तेव्हा जागा असते.

खडूस_काका
थेम्स लागूनच आहे. रात्री पोहायची हुक्की येते कुणाला तरी. हेही सांगून ठेवा.

मेथीलाडू
ते लक्षातच आलं नव्हतं. एक शेवटचं : चिरंजीव म्हणताहेत रविवारी दुपारी तंबू काढला तर संध्याकाळी पाऊस आल्यावर काय?

खुंटीवाला
रेनकोट आणि एक जोडी कोरडे मोजे छोट्या सॅकमध्ये, झिपच्या पिशवीत. छत्री नको. तंबू ओला असताना गुंडाळला तर घरी येताच बागेत पसरून वाळवा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी धरते.

मेथीलाडू
नोंद केली. गाडीत जुनी चादर अंथरून ठेवते.