जंपिंगचे स्टँड आणि कप जालन्यात वेल्डिंग करून घेतले तर चालतील का?

रिकीब_लातूर
नमस्कार मंडळी. औसा रोडला २५ × ५० मीटरचं रायडिंगचं मैदान आहे. घोडे पाच, मारवाडी आणि काठियावाडी, १४.२ ते १५ हँडचे (एक हँड म्हणजे चार इंच). शिकणारी बहुतेक शाळकरी मुलं. पाच जंप उभे करायचेत, उंची ८० सेंमीच्या वर न्यायची नाही. तयार सेट महाग पडतोय, म्हणून जालन्याच्या फॅब्रिकेटरकडून स्टँड आणि कप (ज्यावर आडवा पोल टेकतो ती खोबण) करून घ्यायचा विचार आहे. पोल पीव्हीसीचे घ्यावेत की नीलगिरीच्या बल्ल्या? आणि एवढ्या कमी उंचीला सेफ्टी कप (भार आला की सुटणारे) खरंच लागतात का? जमीन काळी आहे, वर मुरूम टाकलाय.

खोगीर_संभाजीनगर
स्टँड करून घ्या, हरकत नाही. साधे कपही करता येतील, पण माप स्वतः उभं राहून तपासा. फॅब्रिकेटर हमखास चार इंची पाइप मधोमध चिरून देतो. त्या कपाची खोली ५० मिमी होते आणि पोल त्यात बसतो तो बसतोच. घोड्याचा पाय लागला की पोल सुटायच्या ऐवजी सगळा स्टँड त्याच्या अंगावर येतो. एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघ) नियमात कपाची खोली १८ ते २० मिमी आहे. त्याच पाइपातून अर्धगोल न घेता ७५ ते ८० मिमी रुंदीची पट्टी कापायला सांगा, खोली आपोआप १८ च्या आसपास येते. कडा ग्राइंडरने मारून घ्या. फळी किंवा गेट टांगायचं असेल तर हा कप चालत नाही, त्याला जवळजवळ सपाट कप लागतो.

तपासायचं कसं? पोल कपात ठेवा आणि एका हाताने आडवा ढकला. जोर न लावता घरंगळून पडला पाहिजे. पोलच्या टोकापासून स्टँडपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक सेंमी मोकळं ठेवा. टोकं घट्ट अडकली तर कप कितीही चांगला असो, पोल पडत नाही. त्यासाठी सगळे पोल एकाच लांबीचे कापा.

स्टँडच्या पायाला अँगल वापरू देऊ नका, त्याची धार थेट घोड्याच्या पायाच्या नळीवर बसते. उभा खांब चौकोनी पाइपचा, तोंडाला टोप्या, पाय लाकडी आणि कोपरे गोल केलेले. रुंदी ६० सेंमी तरी हवी, नाहीतर एप्रिल-मेच्या वावटळीत स्टँड आडवे झालेले दिसतील.

सेफ्टी कप मात्र विकतच घ्या. ते ठरावीक भाराला सुटतात, अंदाजाने स्प्रिंग लावून ते जमणारं काम नाही.

रिकीब_लातूर
धन्यवाद दादा. मग सेफ्टी कप किती घ्यायचे? आणि ८० सेंमीलाही लागतातच?

खोगीर_संभाजीनगर
उंचीशी संबंध नाही, रुंदीशी आहे. व्हर्टिकलचा (एकाच सरळ रेषेतला जंप) पोल पाय लागला की पुढे घरंगळतो. ऑक्सरच्या (पुढे-मागे दोन पोल असलेला रुंद जंप) मागच्या पोलवर घोडा वरून उतरू शकतो. तेव्हा जोर खाली असतो, साधा कप पोलला धरून ठेवतो आणि पाय अडकतो. म्हणून ऑक्सरच्या मागच्या बाजूला सेफ्टी कप आणि एकच पोल. ट्रिपल बारला (पुढून मागे चढत जाणारे तीन पोल) मधल्या आणि मागच्या दोन्ही पोलना. तुम्हाला एका वेळी दोन ऑक्सर पुरेत, म्हणजे चार कप आणि एक जोडी जादा. मुलं उलट्या बाजूने घोडा घालतात, हे धरून चाला: उजवीकडे लाल आणि डावीकडे पांढरी झेंडी लावा. ऑक्सर दोन्हीकडून उडवायचाच असेल तर पुढच्या पोललाही सेफ्टी कप द्या. दर आठवड्याला पोलच्या मध्यावर भार देऊन कप सुटतो का बघा. आपल्याकडची धूळ सांध्यात बसते.

वखारवाला_नांदेड
पीव्हीसी नको. उन्हात वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होतो आणि फुटला की धारदार चिरफळ्या निघतात. शिवाय इतका हलका की पाय लागल्याचं घोड्याला काही वाटत नाही, पाय उचलायचा आळस लागतो. बांबूही तसाच फुटतो.

३.५ मीटर लांब, १० सेंमी जाड पोल पाइनचा असेल तर १३-१४ किलो भरतो, वाळलेल्या नीलगिरीचा २० च्या आसपास, ओली असेल तर आणखी. मुलांसाठी ३ मीटर लांबी पुरे, पाइन १२ किलोवर येतं. नीलगिरीच घ्यायची तर बल्ली तशीच लावू नका: बुंधा जाड, शेंडा बारीक, एकीकडे कपात घट्ट, दुसरीकडे डुगडुगतो. चौकोनी कापून कोपरे रंध्याने मारून गोल करा. पाच जंपांना पंधरा आणि जमिनीवर टाकायला सहा. ठेवताना तीन टेकूंवर आडवे, जमिनीपासून वर. वाळवीला नेमकं हेच लाकूड आवडतं.

दुडकी_परभणी
रंगाबद्दल एक. घोड्याला लाल आणि हिरव्यात फारसा फरक कळत नाही. हिरवळीवर लाल पोल आपल्याला उठून दिसतो, त्याला नाही. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग याच कारणाने काढून पांढरा केला. तुमच्या मुरमावर पांढरा-निळा पट्टा द्या.

ग्राउंड पोल (जमिनीवर टाकायचा) जंपच्या पुढे १५ ते ३० सेंमीवर, मागे कधीच नाही. मागे असला की घोडा फार जवळ येऊन उडतो. दुडकीच्या चालीत ओलांडायचे जमिनीवरचे पोल या उंचीच्या घोड्यांना १.१ ते १.३ मीटरवर लावून बघा. गोल पोल खुराखाली फिरतो, बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्या टेका. एका ढांगेच्या कॉम्बिनेशनला (लागोपाठचे दोन जंप, मध्ये एकच ढांग) पुस्तकातले २४ फूट धरू नका, २१-२२ पासून सुरुवात करा.

खोगीर_संभाजीनगर
काळ्या मातीचं राहिलंच. नुसता मुरूम टाकून भागत नाही, पावसात माती फुगते आणि मुरूम खाली जातो. फुटभर तरी माती काढा, मुरूम थरांनी रोलर फिरवून दाबा, उतार शंभराला एक, त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि मग ७-८ सेंमी वाळू. नदीची गोल दाण्याची वाळू खुराखाली सरकते, क्रश सँड बसून राहते, फक्त भुकटी कमी असलेली घ्या. जंपची जागा दर तीन-चार दिवसांनी हलवा, उतरायच्या बाजूला खड्डा पडतो.

आणि रिकामे कप स्टँडवर ठेवू नका. कप स्टँडला अडकवायच्या पिना मोजून एका बादलीत टाका, वाळूत हरवलेली पिन शेवटी खुरातच सापडते. लोहचुंबकाचा दांडा फिरवला तर लवकर मिळते.