उन्हाळ्यात बेसमेंटच्या फरशीला पाणी सुटतंय, खणायला हवं का?

एडिसनकर: न्यू जर्सीतलं जुनं घर, बेसमेंट अनफिनिश्ड, साधारण ९०० चौरस फूट. जून लागला की काँक्रीटची फरशी ओलसर, थंड पाण्याच्या पाइपवरून थेंब, खोक्यांना कुबट वास. हवा खेळावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवून पंखा लावतो, तर ओल वाढतेच आहे. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, आतून कडेने खणून ड्रेन टाकू. करावं का?

दवबिंदू: आधी खिडक्या बंद करा. बाहेर ८५ अंश फॅरनहाइट आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो, ७२ च्या आसपास येतो. तुमची फरशी असणार ६५-६८. म्हणजे पंख्याने आत ओढलेली हवा फरशीला टेकली की पाणी सोडणारच. भारतात पावसाळ्यात खिडक्या उघडायची आपली सवय इथे उलटी पडते.

खणायचं ठरवण्याआधी एक चाचणी करा. फरशी पुसून कोरडी करा, १८ इंच चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी डक्ट टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या वर पाणी दिसलं तर ते हवेतलं. खाली दिसलं, किंवा खालचं काँक्रीट गडद झालं, तर जमिनीतलं. दोन्हीकडे दिसलं तर दोन्ही उपाय करावे लागतील.

पागोळी: भिंतीही बघा. पांढरी, मिठासारखी भुकटी फुटली असेल तर पाणी मातीतून भिंतीत झिरपतंय. त्यावर आतून वॉटरप्रूफ पेंट मारू नका, मागच्या ओलीने पोपडे निघतात. बाहेर जाऊन छपराचं गटर साफ आहे का आणि डाउनस्पाउट (गटरचं पाणी खाली आणणारा पाइप) घराच्या पायाशीच ओततोय का ते पाहा. तो निदान ६ फूट लांब न्या. घराभोवतीच्या मातीला पहिल्या १० फुटांत ६ इंच उतार हवा. झाडांसाठी घातलेला मल्च (लाकडाच्या चिपळ्यांचा थर) बऱ्याचदा तो उतार उलटा करतो. निम्म्या घरांचं काम इथेच भागतं असं माझं मत. ड्रेन सगळ्यात शेवटी.

एडिसनकर: प्लास्टिकच्या फक्त वर पाणी आहे, खाली काँक्रीट कोरडं. भिंतीवर भुकटी नाही. मग डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं मशीन, किती पाइंटचा?

दवबिंदू: ५० पाइंटचा, म्हणजे दिवसाला तेवढं पाणी ओढणारा. जुन्या मशीनवर ७० लिहिलेलं दिसेल, त्याने गोंधळू नका. २०१९ पासून चाचणी ८० अंशांऐवजी ६५ अंशांना करतात, म्हणून जुना ७० आणि आजचा ५० साधारण सारखाच. आर्द्रता ५० टक्क्यांवर सेट करा. मशीनवरचा आकडा पाच-सात टक्के चुकू शकतो, तेव्हा वेगळा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

बादलीवर विसंबू नका. ती भरली की मशीन बंद पडतं आणि लाँग वीकेंडला गावाला गेलात की पुन्हा सगळं ओलं. बागेचा होज जोडून फ्लोअर ड्रेनमध्ये सोडा; होज सगळीकडे उतरता हवा, मध्ये उंचवटा आला की पाणी अडतं. ड्रेन नसेल तर छोटा कंडेन्सेट पंप लावून लाँड्रीच्या सिंकमध्ये चढवा. फिल्टर महिन्याला धुवा.

पाइपवर फोमची नळी चढवा, पण चीर आणि कोपऱ्यातले सांधे टेप करा. फट राहिली की हवा आत शिरते आणि पाइप नळीच्या आतच ठिबकत राहतो.

सुतारकाम: हिवाळ्याचंही सांगतो. भिंतीच्या माथ्यावर, जॉइस्टच्या (वरच्या मजल्याच्या आडव्या तुळयांच्या) टोकांशी जी लाकडी पट्टी असते, तिथे नुसतं फायबरग्लास कोंबलेलं असेल तर काढा. घरातली दमट हवा त्यातून आरपार जाऊन थंड लाकडावर साचते आणि बुरशी धरते. २ इंची फोम बोर्डाचे तुकडे कापून प्रत्येक खणात बसवा आणि कडा स्प्रे फोमने बंद करा.

पुढे फिनिश करणार असाल तर फोम बोर्ड थेट काँक्रीटला चिकटवा, त्यापुढे स्टड (उभ्या लाकडी पट्ट्या) आणि ड्रायवॉल (जिप्समचे बोर्ड). मध्ये प्लास्टिकचा पडदा घालू नका, आत अडकलेली ओल सुकायला वाट राहत नाही. कार्पेट तर नकोच.

पागोळी: आणि खोकी फरशीवरून उचला. पुठ्ठा ओल शोषतो, खाली हवा फिरत नाही. गणपतीची आरास आणि पैठण्यांच्या बॅगा झाकणवाल्या प्लास्टिक डब्यांत, रॅकवर, भिंतीपासून ३-४ इंच सोडून. ड्रायरचा पाइप बाहेरच जातोय ना, तेही एकदा हात लावून बघा. सांध्यातून निसटला असेल तर प्रत्येक धुण्याचं पाणी बेसमेंटमध्येच येतंय.