चर्चेत न येणारे गेम: रविवारी चार पीसीवर कोणता लावायचा?

गंगापूररोडकर
येत्या रविवारी नाशिकच्या कॉलेज रोडला चार पीसी मांडून, ज्याच्यावर कोणी बोलत नाही असा एक जुना गेम लोकांना दाखवायचाय. पीसी साधेच आहेत: ४ जीबी रॅम, ऑनबोर्ड ग्राफिक्स, कीबोर्ड-माउस, जॉयस्टिक नाही. माझं मत 'प्रोजेक्ट आयजीआय'ला, म्हणजे शत्रूच्या तळात लपूनछपून शिरायच्या बंदुकीच्या गेमला.

सायबर कॅफे-कॅफेत होता, मग दुर्लक्षित कसा? तर खेळला सगळ्यांनी, पण त्याची रचना कशी आहे यावर कोणी बोलत नाही. नॉर्वेच्या इनरलूप कंपनीने २००० साली काढलेला हा गेम त्यांच्याच 'जॉइंट स्ट्राइक फायटर' या विमानाच्या गेमच्या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, उभा आहे. म्हणून टेकडीवरून अख्खा तळ दिसतो आणि कुठून आत शिरायचं हे आपण ठरवतो. त्या काळच्या बहुतेक शूटरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या गेममध्ये, बोळ आणि खोल्या, एवढंच असायचं.

खेळायची पद्धत अशी. आधी दुर्बिणीने टॉवरवरचे पहारेकरी हेरा. मग नकाशाचा कॉम्प्युटर उघडा. त्यात सैनिक हलताना दिसतात, पण तेवढा वेळ गेम थांबत नाही, म्हणून आडोशाला बसूनच उघडा. कॅमेरे बंद करणारा कॉम्प्युटर पहिल्यांदा गाठा, आणि तोवर एमपी५एसडी ही आवाज दाबणारी बंदूक सोडून दुसरी चालवू नका. अलार्म वाजला की बराकीतून माणसं येत राहतात, गोळ्या संपतात आणि मिशन हातचं जातं. मिशनच्या मध्ये सेव्ह नाही, मेलात की पहिल्यापासून, त्यामुळे टेहळणीला खरी किंमत येते. १४ मिशनमध्ये हा ताण कुठेही सैल पडत नाही.

सिडको_४
अजिबात पटलं नाही. सेव्ह नसणं ही उणीव आहे, तिला गुण म्हणू नका. २००३ च्या 'आयजीआय २'मध्ये मोजके सेव्ह दिले, तरी ताण राहिलाच की. आपल्याकडे लोडशेडिंगच्या वर्षांत यूपीएस नसलेल्या पीसीवर मिशनच्या शेवटाला लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. यात खेळणाऱ्याच्या कौशल्याचा काय संबंध?

आणि पहारेकरी? शेजारचा पडला तरी दुसरा निवांत गस्त घालतो. अक्कल नाही म्हणून माणसं वाढवली, एवढाच त्या अलार्मचा अर्थ.

दुर्लक्षित म्हणायचं तर 'फ्रीस्पेस २' म्हणा. व्हॉलिशन कंपनीचा, १९९९ चा. अंतराळातल्या लढाईचे गेम तेव्हा मागे पडत होते, प्रकाशक इंटरप्लेने जाहिरातही धड केली नाही, आणि विक्री पडली. पण २००२ मध्ये व्हॉलिशनने सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला केला आणि लोकांनी त्यावर आजतागायत काम चालू ठेवलंय.

त्यातला जीव आहे ऊर्जेच्या वाटणीत. शस्त्रं, ढाल आणि इंजिन यांना मिळून ठरावीकच ऊर्जा मिळते. इन्सर्ट दाबलं की शस्त्रांची वाढते, होमने ढालीची, पेजअपने इंजिनाची, आणि एकीकडे वाढली की दुसरीकडे घटते. नवखा माणूस सगळी ऊर्जा शस्त्रांना देतो, ढाल परत भरत नाही आणि तो पहिल्या मिसाइलला फुटतो. पाठलाग करताना इंजिनाला द्या, अंतर कमी झालं की एम दाबून वेग जुळवा, मग शस्त्रांकडे वळवा. मार बसू लागला की क्यू दाबून चारही बाजूंची ढाल सारखी करा. मोठ्या जहाजांच्या बीमच्या (किरणांच्या माऱ्याच्या) रेषेत मात्र चुकूनही जाऊ नका, त्याला ढालीचा उपयोग नाही.

देवळालीकर
दोघांनाही विनंती, 'द लास्ट एक्सप्रेस' एकदा बघा. १९९७, जॉर्डन मेक्नर, म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया'वाले. जुलै १९१४, पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलला निघालेली ओरिएंट एक्सप्रेस, पहिलं महायुद्ध तोंडावर. गेमचं घड्याळ खऱ्या घड्याळाच्या साधारण सहापट वेगाने पळतं आणि तुमच्यासाठी थांबत नाही. नाशिकरोडहून पंचवटीने मुंबईला जा-ये करणाऱ्यांना हे लगेच कळेल: आपण एका डब्यात बसलो म्हणून पलीकडच्या डब्यातलं बोलणं थांबत नाही. तुम्ही जेवणाच्या डब्यात असाल तर कॉरिडॉरमधलं भांडण हुकलं म्हणजे हुकलं.

अडकणारे लोक सुरुवातीलाच अडकतात. मित्राच्या कंपार्टमेंटमध्ये प्रेत सापडतं. ते खिडकीतून बाहेर टाकायचं आणि रक्ताचा कोट बदलायचा. ही दोन्ही कामं वेळेत झाली नाहीत तर पकडले जाता. मग घड्याळ मागे फिरवायचं, सेव्हची भानगडच नाही. फक्त मागे जाऊन काही वेगळं केलंत की पुढचं सगळं पुसलं जातं, म्हणून गरजेपुरतंच मागे जा. भाषेचं काम तर अप्रतिम आहे. नायक कॅथला फ्रेंच, जर्मन, रशियन कळतं म्हणून सबटायटल येतं. सर्बियन त्याला येत नाही, तर तिथे तुम्हालाही काही दिसत नाही.

सेव्हवरून तुमचं जे भांडण चाललंय त्याचं उत्तर या गेमने आयजीआयच्या तीन वर्षं आधी दिलं होतं.

गंगापूररोडकर
देवळालीकर, गेम उत्तम आहे, वाद नाही. पण रविवारी एका माणसाला वीस मिनिटं मिळणार. तेवढ्यात इंग्रजी संवाद ऐकून गाडीतली माणसं ओळखायची कशी? हा घरी निवांत बसून खेळायचा गेम आहे. फ्रीस्पेसचीही तीच अडचण, कळा शिकण्यातच वीस मिनिटं जातील. आयजीआयमध्ये माणूस पहिल्या मिनिटाला दुर्बीण लावून बसतो.

सिडको, पहारेकऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन की ते एकेकटे मूर्ख असले तरी तळ म्हणून एकत्र अवघड आहेत. कॅमेरा, टॉवर, बराक आणि अलार्म यांची साखळी तोडणं हाच खेळ आहे.

सातपूर_एमआयडीसी
पुण्याच्या नोडिंग हेड्स कंपनीच्या 'राजी' या गेमचं नाव कोणी काढलं नाही? २०२० चा. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन होतं, तरी आपल्याकडे दोन आठवड्यांत चर्चा संपली. पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तुकला, आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज.

सिडको_४
राजीबद्दल आपुलकी मलाही आहे, पण तो अनरिअल इंजिन ४ या जड इंजिनावरचा आहे. या पीसींवर अडखळत चालेल आणि लोक गेमलाच नावं ठेवतील. शिवाय कॅमेरा आपल्या हातात नसतो, त्यामुळे उडीचं अंतर चुकतं, आणि शेवट फार अचानक येतो. चांगल्या मशीनवर दाखवा, जरूर दाखवा.

गंगापूररोडकर, चारातल्या एका पीसीवर तरी फ्रीस्पेस लावू द्या. कळांचा कागद मी छापून चिकटवतो. गेमची मूळ प्रत घ्या, मग नॉसॉस लाँचरला (फ्रीस्पेस सुरू करून देणारा प्रोग्राम) तो फोल्डर दाखवा जिथे रूट_एफएस२ नावाची व्हीपी फाइल, म्हणजे गेमचा डेटा, आहे. मीडियाव्हीपी हा चित्रं सुधारणारा संच घालू नका, ऑनबोर्डला झेपणार नाही. मूळ चित्रांवर हा गेम लोण्यासारखा चालतो.

देवळालीकर
कीबोर्ड आधी तपासा. छोट्या कीबोर्डवर इन्सर्ट आणि पेजअप एफएन दाबून येतात, लढाईत ते जमत नाही. कंट्रोल्समध्ये जाऊन त्या कळा आधीच बदलून ठेवा.

गंगापूररोडकर
ठीक, एका पीसीवर फ्रीस्पेस. बाकी तिन्हींवर आयजीआय. नव्या विंडोजवर तो सुरूच झाला नाही किंवा रंग बिघडले तर डीजीव्हूडू २ हा जुने गेम नव्या विंडोजवर चालवणारा प्रोग्राम घ्या, त्याच्या एमएस फोल्डरमधल्या एक्स८६ मधून डीड्रॉ आणि डी३डीआयएमएम (D3DImm) या दोन डीएलएल फाइल उचलून गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाका. एक्स६४ मधल्या टाकल्या तर काहीच फरक पडत नाही, कारण गेम ३२ बिटचा आहे. चारही पीसी यूपीएसवर लावतोय.